रिकाम्या रानाचा शॉट : हरिपूरच्या एका लघुपटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीपासून चार-पाच किलोमीटरवर, कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात तिथं हरिपूर आहे. संगमेश्वराच्या देवळासाठी लोक जातात, पण हळदीच्या व्यापाऱ्यांना हे गाव पेवांसाठी माहीत. पेव म्हणजे जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खणलेलं कोठार. आत रांजणासारखं फुगलेलं, आणि तोंडाशी एक माणूस कसाबसा उतरेल इतकं अरुंद. हळद भरून तोंड बंद केलं, वर माती ओढली की आतला प्राणवायू संपत जातो, किडीला जगता येत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात इथली पुष्कळ पेवं पाण्याखाली जाऊन खचली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली (तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा पाणी पुन्हा आलं.

ज्या लघुपटाबद्दल लिहितो आहे तो अशाच एका उरलेल्या पेवाचा. आजोबांच्या रानात एक पेव शाबूत आहे, नातवाला रान विकायचं आहे. एवढीच गोष्ट, आणि चांगली गोष्ट.

दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची, पहिलाच प्रयत्न. छायालेखक लग्नाचे व्हिडिओ करून हात बसवलेला, चपळ, खांद्यावर कॅमेरा असला तरी चित्र हलत नाही असा. आजोबांची भूमिका करणारे काका सत्तरीचे, चाळीस वर्षं सांगलीच्या रंगमंचावर उभे राहिलेले. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पहिलं मराठी नाटक केलं ते सांगलीतच, त्यामुळे असे कसलेले नट इथं अजून सापडतात, आणि काकांनी एक पैसा न घेता काम केलं. मी संकलक. मिरजेत माझी एडिटिंगची खोली आहे. फेब्रुवारीत तीन दिवस चित्रीकरण झालं. हळद शिजवण्याचा हंगाम होता, गावभर तो वास होता.

अडचण

पहिला कट, म्हणजे शॉट जोडून तयार केलेली पहिली आवृत्ती, सोळा मिनिटांचा झाला. शॉट एकशे त्रेचाळीस, त्यातले एकसष्ट क्लोजअप किंवा त्याहून जवळचे. दिग्दर्शिकेच्या घरी भिंतीवर प्रोजेक्टर लावून बारा-तेरा जणांना दाखवला. बहुतेक नातेवाईक, म्हणजे कौतुक करायला आलेले. तरी मध्यावर एकेक फोन निघायला लागला. संपल्यावर तिच्या हरिपूरच्या मावशी म्हणाल्या, “म्हातारा सारखा अंगावर येतोय बघ. आणि ते पेव कुठंशी हाय तेच कळंना मला.”

ज्या बाईनं जन्मभर पेवं पाहिली, तिलाच पेव कुठं आहे ते कळलं नव्हतं. दिग्दर्शिका रात्रभर झोपली नाही. दुसऱ्या दिवशी ती आणि छायालेखक माझ्याकडे आले आणि आम्ही कट पहिल्या फ्रेमपासून थांबवत थांबवत पाहिला. चार दोष निघाले.

पहिला जागेचा. चित्रपट ड्रोनच्या शॉटनं सुरू होत होता : संगम, देऊळ, हिरवी रानं, सगळं फार सुंदर. तिथून थेट कट आजोबांच्या डोळ्यांवर. मधलं काहीच नाही. घर कुठं, रान किती, घरापासून पेवापर्यंत किती पावलं, हे सांगणारा एकही रुंद शॉट नव्हता. ड्रोनचा शॉट गाव कुठं आहे ते सांगतो, माणूस कुठं उभा आहे ते सांगत नाही. हा घोटाळा हल्ली बऱ्याच कामांत दिसतो. आकाशातून एक शॉट घेतला की एस्टॅब्लिशिंग, म्हणजे जागेची ओळख, झालं असं समजलं जातं. शिवाय पेव ही मुळात न दिसणारी वस्तू. तोंड बंद केल्यावर वर नुसती जमीन असते, घरच्या माणसालाच ठाऊक की इथं आहे. अशा वस्तूचा चित्रपट करायचा तर जमीन दाखवणं भागच होतं.

दुसरा दोष काकांच्या चेहऱ्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला राग दिसावा म्हणून नट भुवई, मान, खांदा सगळं वापरतो. ती विद्याच आहे, चूक नाही. पण तोच चेहरा क्लोजअपमध्ये घेतला की पडद्यावर भुवई हातभर सरकते आणि खरी माया खोटी वाटायला लागते. त्यात छायालेखकानं हे क्लोजअप २४ मिलिमीटरच्या रुंद लेन्सनं, काकांच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर जाऊन घेतले होते, कारण लग्नात गर्दीत तसंच घ्यावं लागतं. इतक्या जवळून नाक पुढं येतं, कान मागं जातात. हाच चेहरा पडद्यावर तितकाच मोठा ८५ च्या लेन्सनं सहा-सात फुटांवरून घेता आला असता. तेव्हा नाकडोळे आपल्या जागी राहतात आणि बघणारा अदबीनं लांब बसून बघतोय असं वाटतं. मावशींनी “अंगावर येतोय” म्हटलं ते अक्षरशः खरं होतं. कॅमेरा अंगावर गेला होता, म्हणून म्हातारा अंगावर येत होता.

तिसरा दोष भांडणाच्या प्रसंगात. आजोबा आणि नातू बाजल्यावर बसून बोलतात. दोन बोलणाऱ्या माणसांमध्ये एक रेषा, म्हणजे लाइन, मनात ओढायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा सगळ्यांनी ऐकलेला एकशे ऐंशी अंशांचा नियम. तसं केलं की एकाचा लुक, म्हणजे नजर, डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि कट केल्यावर दोघं एकमेकांकडे बघतात. इथं दुपारनंतर ऊन डोळ्यावर आलं म्हणून कॅमेरा पलीकडे नेला आणि नातवाची बाजू तिकडून घेतली. परिणामी दोघंही उजवीकडे बघत बोलत होते, जणू तिथं तिसरा कुणी बसलाय. प्रेक्षकाला नियम माहीत नसतो, पण काहीतरी निसटलंय हे त्याला कळतं.

चौथा दोष तिच्या मोबाइलमधल्या तक्त्यातून आला होता. लो अँगल म्हणजे ताकद, हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, क्लोजअप म्हणजे भावना, तिरपी फ्रेम म्हणजे अस्वस्थता. तक्ता खोटा नाही. हे परिणाम होतात म्हणूनच तो छापला जातो. पण तिनं आजोबा दुबळे म्हणून ते सगळे वरून घेतले आणि नातवाच्या हाती निर्णय म्हणून त्याला सगळीकडे खालून घेतलं. त्यामुळे नातू खलनायक झाला. पटकथेत तो तसा नव्हता. त्याच्यावर कर्ज होतं, त्याचं म्हणणंही रास्त होतं. संवादात जे सांभाळलं होतं ते कॅमेऱ्यानं मोडलं.

कोणते मार्ग समोर होते

सगळं पुन्हा चित्रित करणं शक्यच नव्हतं. हाताशी साडेचौदा हजार रुपये उरले होते आणि नातवाचं काम करणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता.

आहे त्यातच संकलन करून वाचवायचं, हा मी स्वतः आधी सुचवलेला मार्ग. दोन दिवस झटलो. लाइन चुकलेल्या प्रसंगात नातवाचे शॉट उलटे करून पाहिले, म्हणजे आरशासारखे. लुक जुळला, पण शर्टाचा खिसा उजव्या छातीवर गेला आणि मागच्या पोत्यावरची अक्षरं उलटी झाली. खिसा कुणाच्या लक्षात आला नसता, पोतं आलंच असतं.

छायालेखकाचं म्हणणं, निवेदन टाकू. आजोबांच्या आवाजात चार वाक्यं : हे रान, हे पेव, माझ्या बापानं खणलं. दिग्दर्शिकेनं ताबडतोब नकार दिला आणि मला तो आवडला. जे दाखवायला विसरलो ते सांगून टाकायचं, तर कॅमेरा कशासाठी नेला होता?

उरला एक दिवसाचा, निवडक शॉटचा मार्ग. नातू नसताना जे घेता येईल तेवढंच घ्यायचं. पण कोणते शॉट? तिनं नवी यादी आणली ती बावीस शॉटची होती. मी तिला म्हणालो, यादी बाजूला ठेव, आधी रानाचा नकाशा काढ. वरून बघितल्यासारखा : घर, बाजलं, कडुनिंब, पेव. मग प्रत्येक प्रसंगाला प्रेक्षक कुठं बसलाय तिथं फुली मार. कॅलेंडरच्या पाठीवर तिनं तो काढला आणि लगेच दिसलं की आपला प्रेक्षक सोळा मिनिटं कुठंही बसलेला नव्हता, नुसता भिरभिरत होता. बावीसचे सहा शॉट झाले.

पेवात उतरायचं की नाही

सहातला एक शॉट पेवाच्या आतून वर बघणारा होता. पहिल्या चित्रीकरणात पेव फक्त वरून घेतलं होतं, टॉप शॉट, काळं भोक. भोकात खोली दिसत नाही, डांबराचा डाग वाटतो. आतून बघितलं तर अंधारात वर गोल आभाळ दिसेल आणि त्यात आजोबांचं डोकं येईल. ही कल्पना छायालेखकाची आणि ती उत्तमच होती. तो स्वतः दोराला धरून उतरायला तयार होता.

रानाचे खरे मालक, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, त्यांनी ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. “आत कुणी उतरायचं न्हाई. वर्षं झाली त्ये उघडून. आत हवा नसती. माणूस खाली जाईपर्यंत बोलत असतोय, मग बोलत न्हाई.” जुने हमालसुद्धा पेव उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवत, कंदील सोडून तो विझतो का बघत आणि मगच उतरत, हेही त्यांनीच सांगितलं. पेवाचा गुण तोच पेवाचा धोका; ज्या कारणानं कीड मरते त्याच कारणानं माणूस मरतो. कॅमेरा दोरीला बांधून सोडता आला असता, पण मग फ्रेम नशिबावर.

शेवटी तो शॉट जमिनीच्या वरच घेतला. प्लायवूडमध्ये अडीच फुटांचं भोक पाडलं, कडा आणि खालची बाजू शेणमातीनं सारवली, दोन लाकडी घोड्यांवर ते आडवं ठेवलं आणि भोवती काळी ताडपत्री लावली. छायालेखक खाली उताणा झोपला. काका बाजूच्या स्टुलावर उभं राहून भोकावर वाकले. खर्च नऊशे रुपये. पडद्यावर ते वीस फूट खोल दिसतं, कारण खोलीचा अंदाज आपण अंधारावरून आणि वरच्या गोलाच्या आकारावरून करतो. लेन्स जरा रुंद घेतली की गोल लहान होतो आणि तळ आणखी खाली जातो.

इथं दुसरा वाद झाला. आभाळाला एक्स्पोजर दिलं, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड आभाळाच्या हिशोबानं धरला, तर काकांचा चेहरा काळा पडतो. छायालेखकाला खालून थर्माकोलनं उजेड परतवायचा होता, चेहऱ्याशिवाय शॉट वाया जाईल म्हणून. आम्ही दोन्ही प्रकारे घेतला. उजेड दिलेल्या टेकमध्ये काकांनी चेहऱ्यानं सगळं सांगितलं. काळ्या टेकमध्ये त्यांना सांगायला चेहराच नव्हता. नुसतं डोकं वाकलं, थांबलं, आणि हळूच मागं झालं. चित्रपटात काळा टेक आहे.

रिकाम्या रानाचा शॉट

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सहाला सुरुवात केली, कारण फेब्रुवारीतल्या लांब सावल्या एप्रिलमध्ये आठ वाजेपर्यंतच मिळतात. एक गोष्ट विसरलो होतो : कडुनिंब. फेब्रुवारीत त्याची पानगळ चालू होती, आता तो पोपटी पालवीनं भरलेला. मास्टर शॉटसाठी, म्हणजे अख्खा प्रसंग एका रुंद फ्रेममध्ये घेणाऱ्या शॉटसाठी, ठरवलेली जागा सोडून कॅमेरा पूर्वेला न्यावा लागला, झाड फ्रेमबाहेर ठेवून. नकाशा हातात होता म्हणून लाइन कुठं आहे ते बघूनच हलवला.

हा मास्टर म्हणजे सगळ्या दुरुस्तीचा कणा. ३५ ची लेन्स, तिपाईवर, माणसाच्या छातीच्या उंचीला. पॅन नाही, ट्रॉली नाही. छायालेखकाला स्लायडरवर हळूहळू पुढं सरकायचं होतं. दिग्दर्शिका म्हणाली, आपण हललो तर काका कुठं थांबले त्याची किंमत जाईल. फ्रेममध्ये काय आहे? काहीच नाही. नांगरलेलं नाही, पेरलेलं नाही, सपाट रिकामं रान. डावीकडून आजोबा येतात, डोक्यापासून पायापर्यंत दिसतील एवढ्या अंतरावर. चालतात. कुठलीही खूण नसलेल्या एका जागी थांबतात. चपला काढतात. पायाच्या अंगठ्यानं माती बाजूला सारतात आणि पेवाच्या तोंडावरची फरशी दिसते. चाळीस सेकंद, एक टेक, कट नाही.

काकांनी हे पहिल्याच वेळी अचूक केलं. फुल शॉटमध्ये त्यांचं सगळं अंग त्यांच्या हाती होतं, रंगमंचावर असतं तसं. चाळीस वर्षांची कमाई त्यांच्या चालीत होती आणि आम्ही तीन दिवस त्यांच्या भुवया चित्रित करत बसलो होतो. शॉट संपल्यावर ते दिग्दर्शिकेला म्हणाले, “पोरी, आत्ता मला कळलं मी कुठं उभा आहे ते.”

भांडणाच्या प्रसंगासाठी नातवाच्या खांद्यावरून आजोबा, म्हणजे सेटवर ज्याला सजेशन म्हणतात तो शॉट, घेतला. खांदा तिच्या चुलतभावाचा, शर्ट तोच. कॅमेरा दोघांच्या डोळ्यांच्या उंचीला. नातवाचे खालून घेतलेले शॉट मात्र बदलता येणार नव्हते. त्यांना पर्याय शोधताना जुन्या रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रणात, आवाजाच्या चाचणीसाठी चालू ठेवलेला एक तुकडा सापडला : नातू बाजल्यावर बसून सहज बोलतोय, मिड शॉट, लाइनच्या बरोबर बाजूनं. दोन वाक्यं तरी त्यातून मिळाली.

क्लोजअप सगळे काढले नाहीत. काकांचा एक ठेवला, ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधीचा. लांबून हळद पॉलिश करण्याच्या ड्रमचा आवाज येत होता आणि ते नुसते ऐकत होते. तो फरशीवर हात ठेवल्याच्या इन्सर्टनंतर, म्हणजे नुसता हात दाखवणाऱ्या छोट्या शॉटनंतर, लावला. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकानं शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा सूपच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी, एका स्त्रीशेजारी जोडून दाखवला होता आणि लोकांना त्या एकाच चेहऱ्यात भूक, दुःख, ओढ दिसली होती. आमच्याकडे आवाज ऐकणारा चेहरा होता, लोकांना त्यात बापाची आठवण दिसली.

निष्पत्ती

नवा कट अकरा मिनिटांचा, अठ्ठ्याहत्तर शॉटचा. सुरुवात त्या चाळीस सेकंदांनी.

ड्रोनचा शॉट काढून टाकावा असं माझं ठाम मत होतं. दिग्दर्शिकेनं तो शेवटी नेला, आजोबा पेव बुजवून माती सारखी करतात त्यानंतर. मला ते सजावट वाटलं. पण दाखवताना मी पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत होतो आणि त्यांचे डोळे हलताना दिसले. सुरुवातीला जे नुसतं सुंदर गाव होतं, त्यात आता प्रत्येक जण ती एक जागा शोधत होता आणि ती सापडत नव्हती. माझं मत चुकीचं होतं. शॉट तोच होता; आधी काय पाहिलंय ते बदललं होतं.

मावशी संपल्यावर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमची तीन हुती. पुरात गेली.” आणि कुठं कुठं होती ते घराच्या दारात उभं राहून हातानं दाखवायला लागल्या.

सगळं जमलं असं नाही. भांडणाचा प्रसंग अजून कच्चा आहे. दोन वाक्यं सोडली तर नातू खालूनच दिसतो आणि थोडा उर्मट वाटतोच. एप्रिलच्या शॉटमध्ये पक्ष्यांचा आवाज वेगळा आहे, फेब्रुवारीच्या शॉटमधून कट झाल्यावर कान टवकारतात. एका महोत्सवानं चित्रपट नाकारला, एकानं घेतला.

पुन्हा करायचं तर

प्रत्येक प्रसंगाचा पूर्ण लांबीचा मास्टर आधी घ्यायचा, मग जवळ जायचं. वेळ नाही ही सबब खरी नसते. आमचे एकसष्ट क्लोजअप घ्यायला जेवढा वेळ गेला त्यात सगळे मास्टर झाले असते. नटाला तालमीत तीन अंतरांवरून कॅमेऱ्यातून बघायचं, लांबून, मधून, जवळून, आणि तो कुठं खरा वाटतो ते ठरवून मगच शॉट लिहायचे. काकांच्या बाबतीत ही तालीम अर्ध्या तासात झाली असती. ठिकाणाचे मालक पहिल्या दिवशीच चर्चेत हवेत. आण्णांना विचारलं म्हणून एक माणूस वाचला असं मी म्हणेन, आणि ते विचारणं योगायोगानं झालं.

आणि एक माझं स्वतःचं. पहिल्या दिवसाचे रशेस मला त्याच रात्री मिळाले होते. साडेअकराला मी ते पाहिले आणि रुंद शॉट एकही नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, उद्या घेतील, दिग्दर्शिका नवी आहे, पहिल्याच रात्री फोन करून तिचा धीर कशाला घालवायचा. काका, नातू, पानगळीचा कडुनिंब, लांब सावल्या, सगळं अजून दोन दिवस तिथंच होतं. फोन करायला हवा होता.